दवाखान्यातून घरी आल्यावरचे ४२ दिवस

महाराष्ट्रात आता घरी बाळंत होणारी बाई क्वचितच सापडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. आपल्या आज्यांच्या पिढीला हे खरं वाटलं नसतं. त्यामागे गावोगावच्या आशाताईंची, नर्सबाईंची आणि रात्रीबेरात्री गाडी काढणाऱ्या चालकांची मेहनत आहे, आणि तिचं मोल कमी लेखू नये.

पण दुसरा एक आकडाही पाहायला हवा. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली राज्यात हजार जन्मांमागे १६ बाळं वर्षाची होण्याआधी दगावत होती, आणि त्यातली ११ पहिल्या २८ दिवसांतच. आईच्या बाबतीतही धोका बाळ बाहेर आल्याबरोबर संपत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब ही संकटं बाळंतपणानंतरच्या तासांत आणि दिवसांतही येतात. नेमक्या याच काळात आपण सैल पडतो. सुखरूप सुटका झाली, पेढे वाटले, तिसऱ्या दिवशी आईबाळ घरी आले की काळजी मिटली असं सगळं घर समजतं. सरकारी आरोग्यसेवेत या पुढच्या सहा आठवड्यांसाठी बरंच काही ठरवून ठेवलेलं आहे. ते आपल्या घरापर्यंत कसं पोचेल, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी सगळ्यात मोठी अडचण सांगते. ती आपल्या रीतीतच दडलेली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे आपल्याकडे ठरलेलं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि मुलगी माहेरी येते. तिची नोंद मात्र सासरच्या उपकेंद्रात झालेली असते. तिथल्या आशाताईंना तिचं हिमोग्लोबिन किती, रक्तदाब कधी वाढला होता, टीडीची दोन्ही इंजेक्शनं झाली का, हे सगळं तोंडपाठ असतं. माहेरच्या आशाताईंना यातलं काहीच माहीत नसतं. कधी कधी तर त्यांच्या गावात गरोदर बाई आली आहे, हेही त्यांना बारशाच्या मांडवावरून कळतं. सासरच्या यादीत ती ‘माहेरी गेली’ अशी राहते आणि माहेरच्या यादीत तिचं नावच नसतं. बाळंतपणानंतरच्या गृहभेटी यामुळेच चुकतात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचंही हेच होतं. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या निघतात, फडावर बाळंतपण होतं आणि गावाकडची नोंद गावातच राहून जाते.

यावर उपाय सोपा आहे, आणि तो आपल्याच हातात आहे. माता-बाल संरक्षण कार्ड मुलीच्या बॅगेत सगळ्यात आधी जायला हवं, साड्यांच्या आधी. त्यावर तिचा आरसीएच नंबर असतो. त्या नंबरावरून राज्यातल्या कुठल्याही सरकारी केंद्रात तिची आधीची नोंद सापडू शकते. माहेरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तिथल्या उपकेंद्रात जाऊन सिस्टरला कार्ड दाखवा, नाव लिहून घ्या आणि त्या वाडीच्या आशाताईंचा फोन नंबर घ्या. सासरच्या आशाताईंनाही एक फोन करून सांगा की ती इथे आली आहे आणि अमुक तारखेच्या सुमाराला दिवस भरतील. दोन आशाताईंचं आपसात बोलणं झालं की पुढचं बरंचसं काम आपोआप होतं. शहरात माहेर असेल तर महापालिकेचं आरोग्य केंद्र किंवा प्रसूतिगृह गाठा. शहरी वस्त्यांतही आशा आहेत, फक्त तिथे त्यांना शोधावं लागतं.

गरोदरपणातल्या तपासण्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या आता बऱ्याच घरांत माहीत झाल्या आहेत. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, निदान चार तपासण्या, आणि दर वेळी रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून सुरू असलेलं हे अभियान जोखमीच्या माता वेळेत शोधण्यासाठी आहे. एका गोष्टीवर मात्र जोर द्यावासा वाटतो. वर सांगितलेल्याच सर्वेक्षणात राज्यातल्या निम्म्याच्या आसपास गरोदर बाया रक्तक्षयाच्या निघाल्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, आणि ७ च्या खाली गेलं तर ते संकट आहे. अशा बाईला बाळंतपणात इतरांना सहज सोसेल इतका रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो. लोहाच्या गोळ्या घरात पडून राहतात, कारण त्यांनी मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होण्यात काही धोका नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर गोळी घ्या, लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्या, पण चहासोबत नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. आणि या गोळ्या बाळ झाल्यावर थांबवायच्या नाहीत. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतरही १८० दिवस, असा तो हिशेब आहे.

गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारसारख्या दुर्गम भागात, जिथे पावसाळ्यात नाला भरला की रस्ता बंद होतो, तिथे काही प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडून ‘माहेरघर’ आहे. दिवस भरत आले की बाईने काही दिवस आधी तिथे येऊन राहायचं. सोबतीला एक नातेवाईक आणि लहान मूल असेल तर तेही चालतं. अशा भागातल्या वाचकांनी आपल्या केंद्रात याची चौकशी जरूर करावी. कळा सुरू झाल्यावर खाटेवरून नेण्याची वेळच येऊ नये.

आता दवाखान्याकडे येऊ. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून देशभर लागू आहे. त्यानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, साधं असो वा सिझेरियन. औषधं, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवस जेवण, सगळं मोफत. घरून दवाखान्यात आणणं, तिथून मोठ्या दवाखान्यात हलवणं आणि शेवटी घरी सोडणं, हेही त्यात येतं. परतीच्या गाडीची चौकशी फारच थोडे लोक करतात. मग ओली बाळंतीण कोवळं बाळ मांडीवर घेऊन वडापमध्ये बसते. आजारी बाळावरचे उपचार वर्षभरापर्यंत याच कार्यक्रमात मोफत आहेत. आई आणि बाळासाठी १०२ ची गाडी आहे, तातडीच्या वेळी १०८. कुणी बाहेरून औषध आणायला सांगितलं किंवा पैसे मागितले तर भांडत बसण्यापेक्षा लेखी तक्रार द्या. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, म्हणून तिथली तक्रार तालुका किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाते. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाची तक्रार वैद्यकीय अधीक्षकांकडे आणि वर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करायची.

साधं बाळंतपण झालं तरी निदान ४८ तास दवाखान्यात राहायचं असतं. ‘घरी गाई-म्हशी आहेत’, ‘मोठ्या मुलाला कोण बघणार’ अशी कारणं सांगून घरचेच लोक सुट्टी मागतात. हे करू नका. पहिल्या दोन दिवसांत रक्तस्राव आणि रक्तदाबावर लक्ष ठेवायचं असतं, आणि बाळ नीट पितं की नाही हे पाहायला अनुभवी डोळे लागतात. सुट्टी घेण्याआधी कार्डावर काही गोष्टी लिहिल्या आहेत का ते स्वतः वाचा: बाळाचं जन्मवजन, व्हिटॅमिन के चं इंजेक्शन, बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि कावीळ ब ची लस. ही कावीळ ब ची लस जन्मानंतर २४ तासांत द्यायची असते. जन्माची नोंदही २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यातच ती होते, फक्त आईवडिलांची नावं आधार कार्डाप्रमाणे लिहिली आहेत ना, एवढं बघून घ्या. या एका अक्षराच्या चुकीपायी पुढे शाळेत आणि पासपोर्टला किती हेलपाटे पडतात, ते ज्यांना पडले त्यांनाच माहीत.

आता त्या ४२ दिवसांकडे. बाळ नीट वाढतंय का हे बघायला आशाताईंनी घरी यायचं असतं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. या कार्यक्रमाचं मूळ आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. बाळाचा श्वास मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं त्यांना शिकवलं. तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरपोच नवजात बालसेवा देशभर आशांकडे सोपवली. म्हणजे दारात येणाऱ्या आशाताई चौकशीला येत नाहीत, जीव वाचवणारी, पारखून घेतलेली पद्धत घेऊन येतात.

ही भेट कशी असायला हवी ते नीट समजून घ्या, म्हणजे ती अर्धवट झाली तर तुम्हाला कळेल. आशाताई आधी साबणाने हात धुतात. बाळ शांत असताना घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाची हालचाल मोजतात. श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजतात. मग काखेत थर्मामीटर. साधारण ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट या दरम्यान बाळ ठीक असतं. त्यानंतर वजनकाट्याला लटकवलेल्या झोळीत बाळाला ठेवून वजन. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, त्याने घाबरू नका, पण दोन आठवड्यांच्या आत ते जन्मवजनावर परत यायला हवं. नाळ, डोळे, त्वचेवरचे फोड बघतात. आईला अंगावर पाजायला लावतात आणि बाळाचं तोंड कसं लागलंय ते पाहतात. शेवटी आईला विचारतात: किती रक्त जातंय, वास येतो का, ताप आला का, टाके दुखतात का. हे सगळं दारात उभं राहून होत नाही. केंद्राच्या योजनेत एवढ्या सगळ्या भेटी पूर्ण केल्याबद्दल आशांना मिळतात २५० रुपये. हा मोबदला अपुरा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ग्रामसभेत त्याबद्दल बोलायला हवं. तोवर निदान त्यांना बाजेपर्यंत येऊ द्या. ‘सोयर आहे, बाहेरच बसा’ असं म्हणून त्यांना ओट्यावर बसवणारी घरं अजून आहेत.

बाळाला तातडीने दवाखान्यात कधी न्यायचं? बाळ पिणं सोडतं किंवा आधीसारखं ओढून पीत नाही, ही पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची खूण. श्वास साठच्या वर, छातीत खड्डे पडणं, अंग गार किंवा तापलेलं, झटके, उठवल्याशिवाय हालचाल न करणं, नाळेतून पू येणं. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका. काविळीबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंडावर थोडा पिवळेपणा बऱ्याच बाळांना येतो आणि जातो. पण पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळं पडलं किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर कोवळ्या उन्हाची वाट बघू नका. त्या काविळीला दवाखान्यातला निळा प्रकाश लागतो आणि उशीर झाला तर मेंदूवर परिणाम होतो.

घरातल्या म्हाताऱ्या बायकांशी बाळंतपणाच्या रीतींबाबत वाद घालत बसू नये, कारण त्यांचं बरंचसं बरोबर असतं. चाळीस दिवस बाळंतिणीला कामाला न लावणं, अळीव आणि डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, मेथी, भरपूर तूप, कान झाकणं, हे सगळं चांगलंच आहे. अडचण चार-पाच गोष्टींची आहे आणि त्या ठामपणे थांबवायला हव्यात. बाळाच्या तोंडात मध, गूळपाणी किंवा गुटी घालू नका. पहिल्या तासात अंगावर घ्या, चीक पाजा, आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. नाळेला तेल, हळद, राख लावू नका, ती कोरडी राहू द्या. बाजेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी ठेवू नका, धुराने बाळाचा श्वास कोंडतो आणि भाजण्याचा धोका वेगळाच. अंघोळ घालणाऱ्या मावशींनी हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण नाकाकानात तेल घालणं आणि बाळाची छाती पिळून ‘दूध काढणं’ बंद करा. त्या पिळण्यातून गळू होऊन बाळं दवाखान्यात येतात. पहिल्या दिवशी अंघोळ नकोच. आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी रीत सोडून द्या, तिला तर इतरांपेक्षा जास्त पाणी लागतं.

बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल तर सगळं आणखी काळजीने करावं लागतं. फार लहान किंवा आजारी बाळाला जिल्हा रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता कक्षात ठेवतात, आपल्या भाषेत ‘काचेत ठेवतात’. तिथे ठेवायला सांगितलं तर घाबरून बाळ उचलून खासगीत नेऊ नका. गाडीतल्या त्या तासात बाळ गार पडतं, आणि गार पडणं हेच अशा बाळाला सगळ्यात घातक. कक्षातून घरी आलेल्या किंवा जरा कमी वजनाच्या पण ठणठणीत बाळासाठी कांगारू पद्धत उत्तम. बाळाला फक्त टोपी, मोजे, लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर उभं, दोन स्तनांच्या मध्ये, त्वचेला त्वचा लागेल असं ठेवायचं आणि वरून पातळ साडीने दोघांना गुंडाळायचं. आई थकली तर बाबांनी ठेवावं, आजीनेही चालतं. बापाने शर्ट काढून बाळ छातीशी धरलेलं पाहून सुरुवातीला घरातले हसतात, पण वजन वाढायला लागल्यावर कुणी हसत नाही.

आईचं दूध उतरत नसेल किंवा बाळ ओढत नसेल तर वाटीत दूध काढून चमच्याने पाजा, बाटली आणू नका. काही मोठ्या रुग्णालयांत मातृदुग्ध पेढ्याही आहेत. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. ज्या बाळाच्या आईचं दूध मिळू शकत नाही, त्याच्यासाठी याची चौकशी करता येते.

पैशांच्या योजना दोन. दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती आणि जमातीच्या मातेला जननी सुरक्षा योजनेतून दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. पैसे आधारशी जोडलेल्या, बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. ते खातं सातव्या महिन्यात उघडायला धावू नका, नोंदणीच्या वेळीच तयार ठेवा. अनुसूचित क्षेत्रातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, तेही सोडू नका.

आता आईबद्दल, कारण बाळ आल्यावर तिच्याकडे लक्ष सगळ्यात कमी जातं. तासाभरात घडी भिजून जाईल इतका रक्तस्राव, मोठ्या गुठळ्या, थंडी वाजून ताप, घाण वास, एका पायाच्या पोटरीला सूज आणि ठणका, धाप लागणं, डोकं फुटेल असं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं काहीही असेल तर १०८ लावा. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, हे ध्यानात ठेवा. शरीर ठीक असून ती सारखी रडत असेल, झोप उडाली असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल आणि हे दोन आठवड्यांवर लांबलं असेल, तर ‘नखरे’ म्हणून सोडू नका. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ या नंबरावर, मराठीत बोलता येतं. पाळणा लांबवण्याचा विचारही याच काळात करायचा. पाळी आलेली नसली तरी दिवस राहू शकतात. तांबी किंवा अंतरा इंजेक्शन सरकारी केंद्रात मोफत मिळतं, फक्त निर्णय तिचा असू द्या.

बाळ दीड महिन्याचं झालं की पेंटाव्हॅलेंट, पोलिओ, रोटाव्हायरसच्या लशींसाठी तुम्ही त्याला दवाखान्यात न्यालच. आईच्या तपासणीचा बेचाळिसावा दिवसही त्याच सुमाराला येतो. त्या फेरीत खिडकीवर उभं राहून तिच्या नावाचाही केसपेपर काढा आणि रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके, सगळं तपासून घ्या.